दर्जा

ओळंबा मी अजून खिशात ठेवतो,
पितळी, लिंबाएवढा.
दैवशाला म्हणाली, "मौलालीमामू, याचं काम पडंना आता,
वीट आपली आपण सरळ बसते."
पन्नास वर्षं एका दोरीला लटकलेला माणूस मी.
नुसता हसलो.

तिच्या शेडमध्ये हाताने दाबायचं यंत्र आहे.
माती, क्रशरची कच, मूठभर सिमेंट.
विटेला वरती दोन बोंडं, खालती दोन खळगे,
एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच.
सुतार ज्याला नर-मादी म्हणतात
ते आता विटेला आलं.
एकवीस दिवस पोत्याखाली पाणी पिते
आणि मग बसते थरावर थर,
मधे काहीच न घालता.
चुना नाही, गारा नाही,
थापी टोपल्यात कोरडी.

"हिला दर्जा कुठाय?" मी विचारलं.
सांध्यात भरतो तो दर्जा;
आमच्या धंद्यात गवंड्याची लायकी
त्याच बोटभर रेघेवरून ठरते.
"दर्जा न्हाईच, मामू. बिनदर्जाची भिंत."
शेडमधल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

रविवारी नागनाथ बिराजदाराची ट्रॉली मागून आणली.
ट्रॉलीत पुढे माझी भिंत,
दगड-मातीची, कमरेएवढी, मन लावून रचलेली.
मागे तिची. भोकांतून उभ्या सळ्या,
वरून एक पट्टा आवळलेला, बस्स.
समोर नांगरून पडलेलं काळं रान,
ढेकळं बैलाच्या डोक्याएवढी.
नागनाथने गिअर टाकला.

तिची भिंत लगेच बोलायला लागली.
खट. खटखट.
वीट विटेवर सरकायची, पुन्हा खळग्यात यायची,
एसटीच्या मागच्या बाकावरची माणसं
खड्ड्यात उडून आपापल्या जागी बसतात
हातातल्या तिकिटासकट, तशी.

माझी भिंत गप्प होती.
दुसऱ्या बांधावर तिचं पोट सुटलं.
तिसऱ्यावर ती दोन भिंती झाली,
म्हणजे ती आधीपासून होती तेच झाली:
बाहेरचा एक चेहरा, आतला एक,
मधे कपच्या, माती, आणि माझा हात सराईत आहे
असा लोकांचा समज.

हात-दीड हातावर आरपार दगड घालावा लागतो,
दोन्ही तोंडं धरून ठेवणारा.
वडिलांनी शिकवलं होतं.
पण लांब दगड सापडायचा नाही,
सापडला तर घडण्यात अर्धा दिवस जायचा,
आणि भिंतीच्या पोटात कोण बघतो?

त्र्याण्णव साली पहाटे चारला
सगळ्यांनी बघितलं.
गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते.
मी सोलापुरात कामावर. आलो, तर
वाटेवर पडलेल्या ढिगांतही
माझा हात मला ओळखू आला.
दैवशाला तेव्हा नऊ वर्षांची. खाटेखाली सापडली.
त्या घराची भिंत कोणाची
हे तिने कधी विचारलं नाही.

ट्रॉली थांबली. तिने आपली भिंत उकलली,
शेंगा सोलाव्यात तशी, एकेक वीट हातात फिरवून.
"चार फुटल्या. बोंडं उडाली.
सळई नसती तर हा कोपरा गेला असता."
तिला जिंकल्याचं काही वाटलं नाही.
वहीत लिहिलं, चार.

मग म्हणाली, "मामू, पहिला थर मात्र तुमचा.
तो गाऱ्यातच बसवायचा, पाणसळ लावून.
तो चुकला की वरच्या सगळ्या विटा
इमानदारीने चुकत जातात."

आज शेडला लागून सहावा थर झाला.
उमरग्याकडून उसाची गाडी आली,
जमीन जराशी हलली,
भिंत खट म्हणाली.
मीही तेव्हा दैवशालाला काहीतरी म्हणालो,
तीस वर्षं तोंडात धरलेलं.
मिक्सर फिरत होता.
तिने वळून बघितलं, हात पुढे केला,
"वीट द्या," म्हणाली.